गोव्यातील पर्यटन प्रकल्पासाठी परकीय भांडवल घेताना : जमिनीच्या उताऱ्यापासून भागीदारीच्या करारापर्यंत

परकीय भांडवल घेऊन हॉटेल किंवा रिसॉर्ट उभारू पाहणाऱ्या गोमंतकीय जमीनमालकाला बहुधा असे वाटते की, या कामातला अवघड भाग दिल्ली-मुंबईत, म्हणजे केंद्र सरकारच्या आणि रिझर्व्ह बँकेच्या दारात असणार. प्रत्यक्षात तिथले दार जवळजवळ सताड उघडे आहे. खरी परीक्षा होते ती मामलेदार कचेरीत, नगर व ग्राम नियोजन खात्यात, किनारपट्टी क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणापुढे आणि गावच्या पंचायतीत. म्हणून या लेखातला क्रम नेहमीच्या क्रमापेक्षा वेगळा ठेवला आहे : परवानगीची चौकट थोडक्यात पाहून आधी जमीन, मग किनारा, मग भागीदारीचा आराखडा आणि त्यानंतर पैसा. पेडणे, बार्देश, सासष्टी किंवा काणकोणात ज्यांची स्वतःची जागा अथवा चालते गेस्ट हाउस आहे आणि ज्यांच्याकडे परदेशातील गुंतवणूकदाराचा प्रस्ताव आला आहे, त्यांना डोळ्यांसमोर ठेवून हे लिहीत आहे.

प्रकल्प परवानगीच्या कोणत्या चौकटीत बसतो

हॉटेल आणि पर्यटन क्षेत्रात १०० टक्क्यांपर्यंत परकीय गुंतवणूक स्वयंचलित मार्गाने येऊ शकते, म्हणजे सरकारची पूर्वपरवानगी लागत नाही. हा व्यवहार १९९९ चा परकीय चलन व्यवस्थापन कायदा (फेमा) आणि २०१९ चे बिगर-कर्ज साधनांविषयीचे (म्हणजे शेअरसारख्या गुंतवणुकीचे) नियम यांखाली चालतो. बांधकाम प्रकल्पांतील परकीय भांडवलाला लागू असलेली तीन वर्षांच्या गुंतवणूक-बंधनाची (तेवढा काळ पैसा काढून न घेण्याची) अट हॉटेल आणि पर्यटक रिसॉर्टना लागू नाही. इतकी मोकळीक प्रत्येक उदयोन्मुख अर्थव्यवस्था देत नाही. थायलंडमध्ये १९९९ च्या कायद्यामुळे अनेक सेवा व्यवसायांत परकीय मालकी विशेष परवान्याशिवाय निम्म्याच्या आतच ठेवावी लागते. इंडोनेशियात परकीय नागरिकाला जमिनीची पूर्ण मालकी मिळत नाही, त्यामुळे बालीत स्थानिक माणसाच्या नावावर जमीन घेण्याचे प्रकार वाढले आणि त्यातून निघालेले वाद न्यायालयांत पोहोचले.

तरीही गोव्यात तीन ठिकाणी थांबून पाहावे लागते. पहिले ठिकाण कॅसिनोचे. जुगार आणि सट्टा, त्यात कॅसिनोही आले, या व्यवसायांत परकीय गुंतवणुकीला पूर्ण बंदी आहे. इतकेच नव्हे, तर फ्रँचाइझी, ब्रँडनाव किंवा व्यवस्थापन कराराच्या रूपातले परकीय सहकार्यही चालत नाही. पंचतारांकित हॉटेलात गेमिंगची यंत्रे ठेवण्याची आणि मांडवीतल्या जहाजांवर खेळ चालवण्याची मुभा गोव्याच्या सार्वजनिक जुगार कायद्याने दिली असली, तरी त्यामुळे केंद्राची बंदी उठत नाही. हॉटेल कंपनीच्याच नावावर असा परवाना असेल, तर तिच्यात परकीय भागभांडवल घेण्याचा विचार तिथेच सोडावा. दुसरे ठिकाण व्हिलांचे. नफ्यासाठी जमीन आणि बांधीव मालमत्ता घेऊन विकणे हा ‘रिअल इस्टेट व्यवसाय’ ठरतो आणि तोही परकीय भांडवलाला बंद आहे. आसगाव-शिवोलीच्या बाजूला ‘हॉस्पिटॅलिटी कंपनी’ म्हणून स्थापन झालेली कंपनी प्रत्यक्षात जमिनीची खरेदी-विक्रीच करत असेल, तर नावाने तिला संरक्षण मिळत नाही. तिसरे ठिकाण गुंतवणूकदाराच्या देशाचे. एप्रिल २०२० च्या नियमाने भारताला भूसीमा लागून असलेल्या देशांतील गुंतवणूकदारांना, तसेच ज्या गुंतवणुकीचा अंतिम लाभार्थी अशा देशातला आहे तिला, सरकारची पूर्वपरवानगी बंधनकारक झाली. पैसा सिंगापूरच्या किंवा मॉरिशसच्या कंपनीतून येत असला, तरी त्या कंपनीमागचा खरा मालक कोण, हे लेखी मागून घ्यावे.

अनिवासी गोमंतकीयांसाठी एक वेगळी सोय आहे. लिस्बन, लंडन किंवा आखातातील आपल्याच माणसाने पैसा परत न नेण्याच्या अटीवर गुंतवला, तर ती गुंतवणूक देशांतर्गत गुंतवणुकीसारखी धरली जाते. भावंडांपैकी कोणी परदेशात असेल, तर बाहेरचा गुंतवणूकदार शोधण्याआधी या पर्यायाचा विचार अवश्य करावा.

जमीन : घाई अजिबात करू नये असा टप्पा

गुंतवणूकदाराचा वकील पहिल्याच बैठकीत मागतो तो एक-चौदाचा उतारा. महाराष्ट्रातल्या वाचकांनी तो सातबाऱ्यासारखा समजावा. बहुतेक मालक त्यातला फक्त कब्जेदाराचा रकाना वाचतात आणि आपले नाव दिसले की कागद घडी करून ठेवतात. वाचायला हवा तो कुळाचा रकाना, ‘इतर हक्क’ हा रकाना आणि पिकांच्या नोंदी. कुळाच्या रकान्यात एखादे जुने नाव उरले असेल, तर १९६४ च्या कूळ कायद्याचा प्रश्न उभा राहतो. त्याहून महत्त्वाची बाब अशी की, कूळ कायद्याने कुळाच्या मालकीची झालेली जमीन १९९१ च्या गोवा भू-वापर नियमन कायद्यामुळे शेतीखेरीज दुसऱ्या कामासाठी वापरता येत नाही. अशा जमिनीवर रिसॉर्टचा आराखडा काढणे व्यर्थ आहे. मग तिथून समुद्र कितीही सुंदर दिसो. भातशेतीच्या बाबतीत २०२३ च्या कायद्याने शेतकरी नसलेल्या व्यक्तीकडे हस्तांतरण करण्यावरच निर्बंध आणले आहेत.

यानंतर मुंडकाराचा प्रश्न येतो. भाटात, म्हणजे दुसऱ्याच्या बागायती जमिनीत, पिढ्यान्‌पिढ्या घर करून राहिलेल्या मुंडकाराला १९७५ च्या कायद्याने निष्कासनापासून संरक्षण आणि घर व लगतची जागा विकत घेण्याचा हक्क दिला आहे. गुंतवणूकदाराला ‘ते घर आम्ही नंतर रिकामे करून घेऊ’ असे तोंडी आश्वासन देणारे भाटकार, म्हणजे त्या जमिनीचे मालक, मी पाहिले आहेत. असे आश्वासन कायद्याला धरून नाही आणि माणुसकीलाही धरून नाही. मुंडकाराचे क्षेत्र मोजून वेगळे करावे, त्याची खरेदी पूर्ण करून द्यावी, त्याची येण्याजाण्याची वाट नकाशावर दाखवावी आणि उरलेल्या क्षेत्रावरच प्रकल्प आखावा. यात काही महिने जातात, परंतु वाद चिघळला तर जाणाऱ्या वर्षांपेक्षा ते बरे.

वारसाहक्काचा गुंता गोव्यात बाहेरच्या वकिलाला सहसा कळत नाही. इथे पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा चालू असल्याने पती-पत्नीची मालमत्ता साधारणतः सामाईक असते आणि स्थावर मालमत्तेच्या विक्रीवर दोघांच्याही सह्या लागतात. आजोबांच्या नावावरची जमीन असेल, तर सर्व वारस आणि त्यांचे पती वा पत्नी, असा सगळा गोतावळा दस्तावर यावा लागतो. त्यातला एकजण पोर्तुगालमध्ये, दुसरी इंग्लंडमध्ये, तिसऱ्याचा पत्ताच नाही, अशी स्थिती गावोगावी आढळते. उपाय एकच : २०१२ च्या उत्तराधिकार कायद्याखाली इन्व्हेंटरी प्रक्रिया, म्हणजे वारस व मालमत्ता यांची न्यायालयातली यादी आणि वाटणी, पूर्ण करून वाटे निश्चित करणे. ती झाल्याशिवाय गुंतवणूकदाराकडून आगाऊ रक्कम स्वीकारू नये. कोमुनिदादची (गावकीची सामूहिक) जमीन, देवस्थानची जमीन आणि अल्वाराची (पोर्तुगीज काळात सरकारने अटींवर दिलेली) जमीन ही तर खासगी माणसाने स्वतःची म्हणून देऊच नये. ताबा चाळीस वर्षांचा असला, तरी मालकीचा प्रश्न सुटत नाही.

शेवटी क्षेत्रनिश्चिती. नगर व ग्राम नियोजन खात्याकडून झोनिंगचा दाखला घ्यावा आणि प्रादेशिक आराखडा २०२१ मध्ये ही जागा वसाहत क्षेत्रात आहे, बागायतीत आहे की भातशेतीत, हे पाहावे. त्यानंतरच जमीन महसूल संहितेच्या कलम ३२ खाली रूपांतराची (बिगरशेती वापराची) सनद मागता येते. अलीकडच्या काळात नियोजन कायद्याच्या कलम १७(२) आणि ३९ए खाली क्षेत्रबदल करून देण्याची प्रथा वाढली, आणि या दोन्ही तरतुदींना उच्च न्यायालयात आव्हान दिले गेले. माझे स्पष्ट मत असे आहे की, केवळ अशा क्षेत्रबदलावर उभ्या असलेल्या जमिनीत परकीय भागीदाराला ओढू नये. उतारावरची जागा असेल, तर त्याच नियोजन कायद्याचे कलम १७ए लक्षात ठेवावे. परवानगीविना डोंगरकापणी किंवा सखल जमिनीत भराव घालणे हा गुन्हा आहे.

जमिनीच्या नोंदीला पुढे किती वजन येते, याचे उदाहरण दक्षिण गोव्याच्या किनाऱ्यावरच आहे. आरोशी येथील ब्लू कोस्ट हॉटेल्सचे रिसॉर्ट पार्क हयात या परदेशी ब्रँडखाली चालत होते. कंपनीने २०१० मध्ये आयएफसीआय या वित्तसंस्थेकडून १५० कोटी रुपयांचे कर्ज घेतले, ते थकले, आणि २०१५ च्या लिलावात आयटीसीने ही मालमत्ता ५१५.४४ कोटी रुपयांना घेतली. तारण जमिनीचा काही भाग शेतजमीन असल्याने वसुलीच त्यावर चालू शकत नाही, असा युक्तिवाद कर्जदार कंपनीने केला होता. मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. महसुली नोंदीत शेती लिहिलेली असली, तरी ती जमीन हॉटेलचा भाग म्हणून तारण दिली होती, हे न्यायालयाने महत्त्वाचे मानले. दारावर पाटी एका परदेशी कंपनीची, मालकी दुसऱ्याची आणि शेवटचा शब्द कर्ज देणाऱ्याचा, ही पर्यटन व्यवसायाची रचना या प्रकरणात अगदी उघडी पडलेली दिसते.

किनारा

समुद्र, खाडी किंवा भरतीच्या पाण्याची नदी जवळ असेल, तर किनारी नियमन क्षेत्राचा नकाशा जमिनीच्या नकाशावर ठेवूनच पुढे जावे. गोव्याचा किनारी क्षेत्र व्यवस्थापन आराखडा २०११ च्या अधिसूचनेनुसार २०२२ मध्ये मंजूर झाला. त्या अधिसूचनेप्रमाणे ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध आहे, आणि २०० ते ५०० मीटरच्या पट्ट्यात हॉटेलला अटींसह परवानगी मिळू शकते. गोव्यासाठी तिच्यात खास तरतुदी आहेत. वाळूच्या टेकड्यांना हात लावता येत नाही. खाजन जमिनीला (खाडीकाठी बांध घालून राखलेल्या सखल शेतीला) संरक्षण आहे. मांद्रे, मोरजी, आगोंद आणि गालजीबाग हे किनारे कासवांच्या विणीसाठी राखलेले आहेत. मोरजीत जागा घेऊ पाहणाऱ्या गुंतवणूकदाराला पहिल्याच दिवशी सांगावे की, विणीच्या हंगामात प्रखर दिवे आणि कर्णकर्कश संगीत तिथे चालणार नाही. त्याचे उत्पन्नाचे गणित रात्रीच्या पार्ट्यांवर उभे असेल, तर त्याने दुसरीकडे जावे.

नियम मोडून उभारलेल्या बांधकामाला परकीय भागीदाराचे वलय वाचवत नाही, हे केरळात दिसले. वेंबनाड तलावातल्या नेडियतुरुतु बेटावर कुवेतच्या कॅपिको समूहाने भारतीय भागीदारासह ५४ व्हिलांचे आलिशान रिसॉर्ट बांधले. मच्छीमारांनी आपल्या जाळ्यांच्या जागा गेल्याची तक्रार केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि जानेवारी २०२० मध्ये न्यायालयाने ते पाडण्याचा निर्णय कायम ठेवला. सप्टेंबर २०२२ मध्ये पाडकाम सुरू झाले. तिथे एकही पाहुणा कधी राहिला नाही. स्थानिक पंचायतीने परवाना दिला होता, परंतु पंचायतीचा परवाना म्हणजे किनारी नियमनाची परवानगी नव्हे. गोव्यातही किनारी प्राधिकरणाची परवानगी आधी, पंचायतीचा बांधकाम परवाना नंतर, हा क्रम सोडू नये.

भागीदारीचा आराखडा

जमीन स्वच्छ आहे हे सिद्ध झाल्यावर परकीय भागीदाराला नेमके काय द्यायचे, हे ठरवावे. मालक सहसा विक्री करून मोकळे होतात. माझा सल्ला वेगळा आहे : जमीन आपल्या किंवा कुटुंबाच्या नावावर ठेवावी, नव्या भारतीय कंपनीला ती दीर्घ मुदतीच्या नोंदणीकृत भाडेपट्ट्याने द्यावी आणि त्या कंपनीत परकीय भागीदाराबरोबर आपणही भागधारक व्हावे. मोपा विमानतळ २०२३ च्या जानेवारीत सुरू झाल्यापासून पेडणे तालुक्यात जमिनीच्या मागणीचा जोर सर्वांना दिसतो आहे. अशा वेळी विकलेली जमीन कुटुंबाला पुन्हा घेता येणार नाही, पण पट्ट्याने दिलेली जमीन परत येते.

पट्ट्यात भाडेवाढीचे सूत्र, मुदतीअखेर बांधकामाचे काय होणार, आणि कंपनी कर्जासाठी फक्त पट्ट्याचा हक्क गहाण ठेवू शकेल, मूळ मालकी नाही, हे स्पष्ट लिहावे. कंपनीचे नियंत्रण तिसऱ्याच गुंतवणूकदाराकडे गेले, तर जमीनमालकाची लेखी संमती लागेल, ही अटही तिथेच घालावी. भागधारकांच्या करारात ती घातल्यास भागभांडवल विरळ झाल्यावर तिचा जोर उरत नाही.

दुसरा सापळा व्यवस्थापन कराराचा. परदेशी हॉटेल समूह अनेकदा भांडवल न घालता केवळ ब्रँड आणि व्यवस्थापन देतात. त्यांना एकूण उलाढालीवर मूळ शुल्क आणि ढोबळ परिचालन नफ्यावर (हॉटेल चालवण्याचा खर्च वजा जाता उरणाऱ्या रकमेवर) प्रोत्साहन शुल्क मिळते. शिवाय आरक्षण यंत्रणा आणि विपणन यांची आकारणी वेगळी असते. गुंतवणूकदार आणि व्यवस्थापक एकाच समूहातले असतील, तर नफा लाभांशापर्यंत पोहोचण्याआधीच शुल्कांतून बाहेर जाऊ शकतो, आणि तुमच्याकडे समजा ४० टक्के भाग (शेअर) असले, तरी वर्षअखेर काहीच हाती लागत नाही. उदयोन्मुख देशांतल्या पर्यटनातून मिळणारे उत्पन्न देशाबाहेर पाझरते, अशी जी तक्रार केली जाते, तिचे मूळ बहुतांशी इथे आहे. म्हणून शुल्कांना कमाल मर्यादा, हिशेब तपासण्याचा स्वतंत्र हक्क आणि सलग दोन वर्षे ठरलेले उद्दिष्ट न गाठल्यास करार संपवण्याची मुभा, या तीन गोष्टींवर अडून बसावे. मासळी, भाजी, नारळ, धुलाई आणि वाहतूक यांची खरेदी तालुक्यातून करण्याचे प्रमाणही करारात घालता येते. गुंतवणूकदार सुरुवातीला कुरकुरतात, पण पुढे गावाचा पाठिंबा कशाने टिकतो हे त्यांना उमगते.

उत्पन्नाचा अंदाज मांडताना गोव्याचा आजचा पाहुणा कोण आहे, हे नीट पाहावे. २०२४ मध्ये राज्यात सुमारे एक कोटी पर्यटक आले; त्यांत परदेशी पाच लाखांहूनही कमी होते. युरोपातल्या चार्टर विमानांवर बेतलेला जुना आराखडा आता चालणार नाही. खोलीचा दर ७,५०० रुपयांपर्यंत असेल, तर सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी ५ टक्के आहे, मात्र इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) मिळत नाही. त्यावरच्या दराला १८ टक्के. दर या रेषेच्या कोणत्या बाजूला ठेवायचा, याचा निर्णय पावसाळ्याच्या मंद महिन्यांसह मांडलेल्या गणितावरच घ्यावा.

पैसा येतो तेव्हा

हा भाग वेळापत्रकाचा आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. भारतीय कंपनीत किमान एक संचालक भारतात निवास करणारा असावा लागतो. रक्कम अधिकृत बँकेतूनच यावी. गुंतवणूकदाराच्या मित्राने गोव्यात रोख दिली, असा प्रकार कदापि स्वीकारू नये. भागांची किंमत सनदी लेखापाल, कॉस्ट अकाउंटंट किंवा सेबीकडे नोंदलेल्या मर्चंट बँकरने प्रमाणित केलेल्या वाजवी मूल्याहून कमी असू नये. रक्कम मिळाल्यापासून ६० दिवसांत भाग द्यावे लागतात, न दिल्यास पुढच्या १५ दिवसांत रक्कम परत करावी लागते. भाग दिल्यावर ३० दिवसांत रिझर्व्ह बँकेच्या फर्म्स पोर्टलवर एफसी-जीपीआर हा अर्ज भरावा, आणि दरवर्षी १५ जुलैपर्यंत परकीय देणी-मालमत्तेचे एफएलए विवरण पाठवावे. हे विवरण लहान कंपन्या हमखास विसरतात.

गुंतवणूकदार ‘ठरावीक वर्षांनी ठरावीक परतावा द्या’ असे कलम सुचवील. ते मान्य करता येत नाही. भागभांडवल म्हणून आलेल्या पैशाला बाहेर पडताना हमीची किंमत देण्यास फेमाचे नियम मनाई करतात, आणि भागांत अनिवार्यपणे रूपांतरित न होणारी रोखे-साधने कर्ज ठरून बाह्य व्यापारी कर्जाच्या (परदेशातून घेतलेल्या कर्जाच्या) वेगळ्या नियमांत जातात.

गावातल्या परवानग्या

पंचायत राज कायद्याच्या कलम ६६ खाली बांधकाम परवाना, नियोजन खात्याची तांत्रिक मंजुरी, राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची उभारणीची व नंतर चालवण्याची संमती, अग्निशामक दलाचा ना-हरकत दाखला, आरोग्य खात्याचा दाखला, १९८२ च्या कायद्याखाली पर्यटन खात्याकडे नोंदणी, अन्न परवाना आणि मद्यविक्री असेल तर अबकारी परवाना, इतके तरी लागतेच. बांधीव क्षेत्र २०,००० चौरस मीटरवर गेले, तर पर्यावरण मंजुरीही लागते. विहीर किंवा कूपनलिकेसाठी २००२ च्या भूजल नियमन कायद्याची परवानगी घ्यावी. बार्देश-पेडण्यात उन्हाळ्यात टँकर कसे धावतात हे पाहणाऱ्याला पाण्याचा प्रश्न समजावून सांगण्याची गरज नाही.

यांतला एकही कागद ‘नंतर बघू’ म्हणून मागे ठेवू नये. डिसेंबर २०२५ मध्ये हडफडे येथील नाइटक्लबला लागलेल्या आगीत २५ माणसे दगावली, आणि त्यानंतर राज्यभर परवान्यांची तपासणी सुरू झाली. कामगारांच्या जिवाची जबाबदारी भागीदार कितीही दूरच्या देशात असला, तरी इथल्या संचालकावर येते.

अर्ज करण्याआधी ग्रामसभेपुढे प्रकल्प मांडावा, असे मी आग्रहाने सांगतो. खोल्या किती, पाणी कुठून, सांडपाणी कुठे, किनाऱ्याकडे जाणारी जुनी वाट उघडी राहील का, रापणकारांच्या (किनाऱ्यावरून जाळे ओढणाऱ्या मच्छीमारांच्या) होड्या ठेवायच्या जागेला धक्का लागतो का, गावातल्या किती मुलामुलींना कोणत्या हुद्द्यावर काम मिळेल, याची उत्तरे छापील कागदावर द्यावीत. नकाशा मराठी आणि कोकणीत समजावणारा माणूस बरोबर असावा. आलेल्या हरकतींपैकी ज्या खऱ्या आहेत, त्यांनुसार आराखडा तेव्हाच बदलावा. पाया खणल्यावर हा बदल फार महागात पडतो.

भागीदार बाहेर पडतो तेव्हा

परकीय भागीदाराने आपले भाग भारतीय भागधारकाला विकले, तर किंमत वाजवी मूल्याहून अधिक असता कामा नये, आणि ६० दिवसांत एफसी-टीआरएस हा भाग-हस्तांतराचा अर्ज भरण्याची जबाबदारी भारतात राहणाऱ्या पक्षाची असते. म्हणून पहिल्या खरेदीचा हक्क तुमच्याकडे राहील, मूल्यांकन दोघांनी मिळून नेमलेला स्वतंत्र तज्ज्ञ करील आणि पैसे उभारण्यासाठी किमान सहा महिने मिळतील, अशी तरतूद मूळ करारातच करून ठेवावी. वादासाठी लवादाचे ठिकाण पणजी लिहून घ्यावे. सिंगापूर किंवा लंडन लिहिले गेल्यास तिथल्या वकिलांचा खर्चच लहान भागधारकाला तडजोडीस भाग पाडतो. भागीदार बदलला तरी जमिनीचा पट्टा त्याच अटींवर चालू राहील आणि कंपनी अवसायनात गेल्यास तो संपून जागा मालकाकडे येण्याची पद्धत काय असेल, ही दोन कलमे सहीआधी स्वतःच्या वकिलाकडून तपासून घ्यावीत. तो वकील गोव्याच्या जमीन कायद्यांत मुरलेला असावा, आणि गुंतवणूकदाराने सुचवलेला नसावा.